सुबक रेघ

आज दुपारी आमच्या विद्यापीठात आर्क्टिकमधल्या एका खाडीतल्या बर्फाचा आलेख पडद्यावर उमटला आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बर्फ किती घटेल हा आमचा अंदाज अगदी बरोबर ठरला होता. "काय सुबक रेघ आलीय!" मी म्हणाले. पडद्याच्या कोपऱ्यात व्हिडिओ कॉलवर इंग्रिड दिसत होती. ती तिकडच्या, आर्क्टिकजवळच्या विद्यापीठातली आमची सहकारी. सगळी मोजमापं तिनेच पाठवलेली. टाळ्या चालू असताना ती खिडकीबाहेर बघत होती.

"ही आमच्याच गावची खाडी," ती शांतपणे म्हणाली. "हिवाळ्यात बाबा तिच्यावरून चालत पलीकडे जायचे. आता होडी लागते."

मला माझे हात कुठे ठेवावेत कळेना. मेहनतीचा आनंद खोटा नव्हता. पण आपण चुकलो असतो तर बरं झालं असतं, असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं.

"आलेख पाठवाल?" तिने विचारलं. "आईला दाखवायचाय. तिला अजून वाटतं, बर्फ परत येईल."

मी मेल लिहायला घेतला. सवयीने 'पाठवताना आनंद होत आहे' असं टाइप झालं. ते खोडलं. त्या जागी दुसरं काही सुचेना, तेव्हा नुसता आलेख पाठवून दिला.