दुपारी तीनचं पित्त

भूत, बाधा, नजर... यातलं काहीही मी मानत नाही. प्रयोगशाळेवर पोट चालणाऱ्या बाईला ते परवडतही नाही. तरी घडलं ते लिहिते. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात फ्लॅट घेतला – दुसरा मजला, समोर अजून मोहरीचं शेत. माझी लॅब दक्षिण दिल्लीत. घरी तीन वर्षांची मुलगी आणि तिला सांभाळायला सासूबाई.

महिन्याभरात सासूबाईंच्या अंगावर पित्त उठायला लागलं. रोज नाही, पण उठलं की बरोबर दुपारी तीनला! आधी खाज, संध्याकाळी तोंड सुजून बारीक ताप. आमसुलाचं पाणी चोळून झालं, नवऱ्याचं पेंटवाल्याला शिव्या देऊन झालं.

"सुषमा, या घरात काहीतरी आहे. मी पुण्याला चालले."

त्या गेल्या की माझी नोकरी गेली. तेव्हा तिथे पाळणाघर शोधायचं तर मोहरीतच शोधावं लागलं असतं.

आईंना – सासूबाईंना मी आईच म्हणते – सगळं कॅलेंडरवर लिहायची सवय. डॉक्टरला दाखवायला म्हणून मी पित्ताच्या वेळा माझ्या लॅबच्या वहीत उतरवल्या. समोरच्या पानावर माझे प्रयोग... तारखा त्याच. वेळाही त्याच.

माझं काम मास्ट पेशींवर – अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या पेशी. तीन वाजता मी त्यांच्यावर अ‍ॅलर्जीचा पदार्थ टाकायची. त्या लगेच हिस्टामीन सोडतात. त्याने खाज येते. शिवाय पेशीच्या आत कायनेझ नावाची एन्झाइम्स एकमेकांकरवी निरोप केंद्रकापर्यंत पोचवतात, आणि काही तासांत सायटोकाइन्स तयार होतात – त्यांनी सूज, ताप. पी-३८ हे कायनेझ औषधाने आधीच अडवलं, तर सायटोकाइन्स घटतात, हे मला दाखवायचं होतं.

एकदा डोस ठरवायला सगळ्याच डिशमध्ये औषध घातलं होतं. त्या दिवशी कॅलेंडरवर – "फक्त खाज. ताप नाही."

पेशी उंदराच्या, आई सदाशिव पेठेच्या!

कुणाला न सांगता मी वेळ बदलली. घरी येऊन पाहते तर – "सव्वाअकरा, खाज." पुढच्या वेळी नुसतं मिठाचं पाणी टाकलं. आई दिवसभर शेजारच्या भल्ला आंटींकडे मजेत स्वेटरचे टाके शिकत होत्या.

शेवटी सगळं सांगून टाकलं.

"अच्छा! म्हणजे घरात भूत नाही, सूनच आहे," आई म्हणाल्या. "अजून किती वेळा?"

"पेपरसाठी एकदाच. तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार."

"इतकं खाजवलं ते फुकट घालवू? गुरुवारी कर. शनिवारी भल्लांकडे किटी पार्टी आहे, तोंड सुजवून नाही जाणार. आणि ते औषध घाल."

"अर्ध्याच डिशमध्ये घालता येईल, आई. तुलनेला बाकीच्या तशाच लागतात."

"बिल्कुल कंजूष आहेस."

गुरुवारी संध्याकाळी घरी आले. आकडे दुसऱ्या दिवशी यायचे होते, पण निकाल दारातच उभा होता – आईंचा डावा गाल पुरीसारखा फुगलेला, उजवा जसाच्या तसा.

त्या पुण्याला गेल्या नाहीत. मी मास्ट पेशींवरचं काम सोडलं. पित्त पुन्हा उठलं नाही. पेपरच्या आभारात आईंचं नाव घातलं. का, ते कुणी विचारलं नाही.