सत्तूताचा अडकलेला घास

आमच्या मल्लवी गावात कुणी गेलं की सत्तूताला बोलावणं जायचं. बायकांच्या घोळक्यात जमिनीवर बसून ती गेलेल्या माणसाचा विलाप गायची. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच कामासाठी लिबियाला गेला, तो परतलाच नाही. मूलबाळ नव्हतं. समोरच्या घरात राहणारी मी सोडून एरवी तिच्या दाराची कडी कुणी वाजवत नसे. मरणाच्या घरी मात्र बायका तिला खेटून बसत, तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडत. सुतक संपलं की ती पुन्हा एकटी.

मरणाच्या घरी जेवणाचं तबक आलं की सत्तूता भाकरीचा इवलासा तुकडा चहात भिजवून कितीतरी वेळ चावत राही. “बघा, दुसऱ्याच्या दुःखानं हिच्या घशाखाली घास उतरत नाही,” बायका म्हणत. तिलाही ते खरं वाटे.

पुढे तिला गलगंड झाला. तो वाढत गेला, आडवं झालं की श्वास कोंडू लागला. अस्यूत शहराच्या इस्पितळात जाऊन तो काढून घेऊ म्हटलं, तर ती माझ्यावरच उखडली.

“चाकू लागून आवाज गेला तर मला कोण विचारणार आहे?”

“मी आहे ना.”

“तुमचं सोडा, बाई. तुम्हालाही दुसरं कुणी नाही म्हणून येता.”

शेवटी एकदा चुलीपुढेच ती गुदमरली, तेव्हा तयार झाली. तिथला डॉक्टर लमई आमच्याच भागातला.

“जेवण नीट जातं का, मावशी?” त्यानं विचारलं.

“घास अडकतो रे.”

त्यानं मान खाली घातली. “देव धीर देवो. कोण गेलं?” आमच्याकडे ‘घास अडकतो’ म्हणणाऱ्याच्या घरात कुणीतरी गेलेलं असतं.

“कुणी नाही. लहानपणापासून अडकतो.”

“म्हणजे काय, जन्मल्यापासून सुतकात आहेस?” तो हसला, आणि हसता हसता थांबला. त्यानं भाकरी मागवली, तिला समोर बसवून खायला लावली. मग गळ्याची आणि छातीची तपासणी करायला पाठवलं.

नंतर त्यानं आम्हाला चित्र दाखवलं. उजव्या हाताला रक्त नेणारी धमनी सत्तूताच्या शरीरात भलतीकडून निघाली होती आणि अन्ननलिकेच्या मागून वळसा घालून गेली होती. शेकड्यात एखाद्याचीच अशी असते. घास तिथेच अडे. पण त्याला काळजी होती ती वेगळीच. उजवीकडची आवाजाची नस एरवी त्या धमनीखालून वळून पुन्हा वर चढते. हिच्यात वळायला तिथे धमनीच नव्हती, त्यामुळे ती नस मानेतून थेट आडवी आली असणार, नेमकी चाकूच्या वाटेत.

“नेहमीच्या जागी शोधत बसलो असतो आणि भलत्याच जागी कापली असती,” तो म्हणाला. “बरं झालं, सांगितलंस.”

“मी सगळ्यांनाच सांगत आले. सगळे म्हणाले, रड.” मग तिनं हळूच विचारलं, “म्हणजे ते दुःख नव्हतं?”

“धमनी होती, मावशी.”

त्या संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शस्त्रक्रियेनंतर ती नीट शुद्धीवर आली, तेव्हा डॉक्टर खाटेशी वाकला. “थोडं गाऊन दाखव, मावशी.”

तिनं ओठांवर बोट ठेवलं. कुणी मेलेलं नसताना विलाप गायचा नसतो, त्यातून आजाऱ्यांच्या खोलीत तर नाहीच. शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही घाईघाईनं नकारार्थी मान हलवली.

“बरं, मग कुणाला तरी हाक मार. कुणालाही.”

सत्तूतानं तोंड उघडलं, मिटलं. छताकडे बघत राहिली. डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, त्यानं नर्सकडे पाहिलं. मी खाटेची कड घट्ट धरली.

“कुणाला हाक मारू?” ती म्हणाली.

जरासा घोगरा, पण तोच भरदार आवाज. डॉक्टर मोठ्यानं हसला, नर्सनं टाळी वाजवली. मी खाटेची कड सोडली आणि तिचं पांघरूण सारखं केलं.