अस्वलाला घालवलं कोणी

वाघोलीला राहायला आल्यावर आम्ही दोघांनी सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी लहान मुलांसाठी गोष्टींचा तास सुरू केला. कामं वाटून घेतली होती. पुस्तक निवडणं, सतरंज्या, पालकांना निरोप आणि वाचन माझ्याकडे. पात्रं माझ्या नवऱ्याकडे.

खरं तर सुरुवातीला पात्रंही माझ्याकडेच होती. गोष्ट वाचून झाली की मी मुलांना विचारायचे, याला काय हवं होतं? हा कशाला घाबरला? असा का वागला? मुलं उत्तरं द्यायची, पण ती मला बरं वाटावं म्हणून. "तो वाईट आहे म्हणून." झालं. चार-पाच वर्षांच्या मुलाने एकदा कुणाला वाईट ठरवलं की पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही.

नवरा म्हणाला, "त्यांना पात्राबद्दल कशाला विचारतेस? त्यांनाच पात्राला विचारू दे की." पुढच्या शनिवारी त्याने तपकिरी शाल पांघरली आणि स्वतःच रचलेल्या गोष्टीतलं अस्वल होऊन तो खुर्चीवर बसला. अस्वल जंगलातलं असलं तरी बोलणं थेट पुण्याच्या पेठेतलं होतं.

"ए अस्वल, सगळा मध तूच का खाल्लास?"

"अहो म्हणायचं. वजनाने मोठा आहे मी. आणि मध खाऊ नको तर काय केसांना लावू?"

"तुम्हाला मित्र नाहीत का?"

"आहेत की. शहाणे आहेत, जेवायच्या वेळेला येत नाहीत."

मुलं हसून लोळायची आणि हसता हसता खोदत जायची. एकटेच का राहता? रात्री भीती वाटते का? अस्वल कुरकुरायचं, उडवाउडवी करायचं आणि शेवटी मान्य करायचं, वाटते, थोडीशी. वाईट अस्वलाला भीती वाटते, हे मुलांनी स्वतः शोधून काढलेलं असायचं.

एका शनिवारी अस्वलाने थंडीने कुडकुडणाऱ्या खारीला गुहेत घेतलं नाही. मुलं कारणं विचारत होती. पहिल्या रांगेतली पाच वर्षांची एक मुलगी मात्र ताडकन उभी राहिली. तिचे आईवडील यवतमाळकडचे, दोघंही इथल्या कारखान्यात कामाला. ही एरवी तासभर तोंड उघडत नसे. मुठी आवळून ती ओरडली, "तू जा इथून! परत येऊ नको!"

अस्वलाने मान खाली घातली आणि शाल फरफटत ते हॉलबाहेर गेलं. उरलेली गोष्ट पुढच्या शनिवारी, असं मी जाहीर केलं.

बुधवारी सकाळी, मी चहाचं आधण ठेवत असताना, नवरा स्वयंपाकघराच्या दारात कोसळला. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अशा वेळी काय काय करावं लागतं त्याची यादी मी दुसऱ्याच दिवशी केली आणि एकेक काम उरकत गेले. दाखला, बँक, त्याचं ऑफिस, गॅसचं कनेक्शन. शनिवारचा तास बंद ठेवला. पालकांनी आपसात ठरवून मुलांना सांगितलं की काका गावाला गेलेत. ते माझ्या कानावर आलं, पण त्यावर काही म्हणण्याइतकी शक्ती माझ्यात नव्हती.

काही आठवड्यांनी त्या मुलीची आई दारात येऊन उभी राहिली.

"काकू, पोरगी धड जेवूनच नाही राहिली. म्हणते, मीच अस्वलाले घालवलं. तिले वाटते का ते खरंच अस्वल होतं. तुम्ही समजावून सांगा ना तिले."

मला हायसं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला येणारं काम समोर आलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलीला घरी बोलावलं, सोफ्यावर बसवलं आणि कपाटातली शाल आणून तिच्यासमोर ठेवली.

"हे बघ, अस्वल नव्हतंच. ही शाल आहे नुसती. आत काका होते."

"मला माहितीये," ती म्हणाली. "काकांचा चष्मा दिसत होता."

मी उगाच शालीची घडी घालायला लागले.

"मी अस्वलाला बोलले," ती शालीकडे बघत म्हणाली, "पण ऐकलं काकांनी ना."

तिला सगळं नीट कळलं होतं. कळलं नव्हतं ते आम्हा मोठ्यांना. मग मी तिला त्या शनिवारच्या रात्रीचं सांगितलं, कारण ते खरंच घडलं होतं.

"काका तुझ्यावर रागावले नव्हते. उलट खूश होते. जेवताना मला म्हणाले, आज अस्वल जमलं, ती अगदी खरीखुरी चिडली. पुढच्या शनिवारी अस्वल तुझ्याकडेच येणार होतं. खारीची माफी मागणार होतं आणि तुला विचारणार होतं, येऊ का परत?"

तिचा चेहरा उजळला. आणि मला कळलं की मी चुकीच्या जागी थांबले आहे.

ती सोफ्यावरून उतरली. फ्रॉक सारखा केला. पाठ करून ठेवलेलं म्हणावं तसं, एकेक शब्द सुटा करत दाराकडे बघून म्हणाली, "अहो अस्वल, या आत. मी आता नाही रागावले."

मीही क्षणभर दाराकडे पाहिलं.

मग तिला जवळ घेऊन सांगितलं. "काका गावाला गेलेले नाहीत गं. काका वारले. त्यांचं हृदय बंद पडलं. तुझ्या बोलण्याने नाही. कुणाच्या बोलण्याने असं होत नाही."

"मग मी बोलावलं तरी?"

"तरी नाही येणार."

"खूप मोठ्याने बोलावलं तर?"

"नाही गं."

तेव्हा ती रडली. इतके दिवस ती नीट जेवली नव्हती, पण रडलीही नव्हती, असं तिच्या आईने नंतर सांगितलं. घालवलं असेल तर परत बोलावताही येईल, असा तिचा साधा हिशेब होता. मी तिच्या मनातला दोष काढून घेतला आणि त्याच्याबरोबर परत बोलावण्याची आशाही गेली. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं. नवऱ्याला मी हृदयाची तपासणी पुढे ढकलू दिली नसती तर, त्या सकाळी मी त्याला उठवलंच नसतं तर, असं रोज मनात चालायचं. त्या दुपारी ती माझ्या कुशीत हुंदके देत असताना मला त्यातलं काहीच धरून ठेवता येईना.

संध्याकाळी तिची आई कामावरून थेट तिला न्यायला आली. मुलीचे सुजलेले डोळे बघून घाबरली.

"सांगितलंय तिला सगळं," मी म्हटलं. "आज रडू दे तिला. जेवली नाही तरी चालेल."