फ्रीगंजच्या झूलाघरातली बाई

नव्या खाजगी बँकेत मला नोकरी लागली, तेव्हा चार वर्षांच्या मुलीला मी फ्रीगंज भागातल्या झूलाघरात, म्हणजे पाळणाघरात, ठेवू लागले. तिला दमा होता. तिथल्या बाईच्या हाती पंप सोपवताना रोज जीव धास्तावायचा.

एकदा लवकर न्यायला गेले. बाई पाठमोरी पोळ्या लाटत होती, मागे वीस मुलं जोरजोरात गात होती. अचानक लाटणं टाकून ती थेट माझ्या मुलीकडे धावली. पोरीला श्वास घेता येत नव्हता. बाईने तिला ताठ बसवून, पंपाला नळकांडं लावून तो तिच्या तोंडाशी धरला. हळूहळू पोर सावरली.

"न बघता कसं कळलं हो?" मी विचारलं.

"गाने में से बिटिया कम हो गई थी ना," ती म्हणाली.

मी, तिची आई, दारात उभी होते. मला गाणं पूर्णच ऐकू आलं होतं.