मोरपंखी ब्लाऊजपीस

आज कपाट आवरताना तो मोरपंखी ब्लाऊजपीस हाती आला आणि माझ्या पहिल्या ऑर्डरचा व्हॅनिलाचा वास आठवला. तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहायचो. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या नातीसाठी केक होता. उकाड्यात वितळणाऱ्या क्रीमचे चाळीस गुलाब काढता काढता माझं मनगट आखडलं होतं. किंमत मी आदल्या दिवशीच ठरवली होती, आरशासमोर उभं राहून म्हणूनही पाहिली होती: अकराशे रुपये. केक बघून काकू खूश झाल्या, "किती द्यायचे गं?" म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "द्या ना काकू, तुम्हाला वाटेल ते." त्या आत गेल्या, हळदीकुंकू घेऊन आल्या आणि नारळ-ब्लाऊजपिसाने माझी ओटी भरली. "घरच्या लेकीला पैसे कसले द्यायचे?" हे इतकं मनापासून म्हणाल्या की मला चिडताही येईना. मी वाकून नमस्कार केला आणि वर घरी न जाता जिन्यातच बसले. आज तोच पीस इथे कोपरीतल्या शिंप्याकडे नेला. टेप हातात घेण्याआधीच तो म्हणाला, "अस्तर लावून साडेसहाशे होतील, ताई." मी "बरं" म्हटलं, घासाघीस करायचं मनातही आलं नाही.