चित्रात नसलेलं कुत्रं

काकूंनी जन्मात कधी कॉमिक उघडून पाहिलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना चक्क अभिमान होता. "फुग्यात बोलणारी माणसं मेली! त्यात वाचायचं काय?" असं त्या नवऱ्याच्या तोंडावर म्हणायच्या. आणि नवरा कोण, तर कॉमिकांच्या दुकानाचा मालक. घरातली चूल त्या फुग्यांच्या जिवावर पेटते, हे काकूंना ऐकवायची कुणाची छाती नव्हती.

खाली चिंचोळं दुकान, वर दोन खोल्या, मधे करकरणारा लाकडी जिना. दर गुरुवारी सकाळी नव्या कॉमिकांचा गठ्ठा यायचा. काका शटर अर्धं ओढून घ्यायचे, सगळी पुस्तकं एका बैठकीत वाचायचे, आणि गठ्ठ्याच्या पुठ्ठ्यामागे जाड मार्करने आपली मतं लिहून तो पुठ्ठा दारात टांगायचे. दुपारी माणसं आधी पुठ्ठा वाचायची, मग आत शिरायची. "उडणारा माणूस परत मेला. पुढच्या महिन्यात परत जिवंत होईल. घाई करू नका." "समुद्राखालचं शहर: रंग सुरेख, गोष्टीचा पत्ता नाही. पानं फाडून भिंतीला लावा." "भुताचं पुस्तक: भूत सोडून सगळ्यांची भीती वाटते, इतके वाईट चेहरे काढलेत." आपलाच माल आपणच असा हाणून पाडणारा दुकानदार कुणी पाहिला नव्हता. लोक त्यांना कडूकाका म्हणायचे, आणि कडूकाकांनी "घ्या" म्हटलं की डोळे मिटून घ्यायचे.

भीड म्हणून नव्हती माणसाला. काकूंच्या सख्ख्या भावाने एकदा हौसेने कॉमिक काढलं, पदरमोड करून छापलं, आणि भाओजी चार बरे शब्द लिहितील म्हणून दुकानात ठेवलं. भाओजींनी लिहिलं, "चित्रकाराने दुसरं काम शोधावं. शोधायला मी मदत करीन." भाऊ दारातून वाचून गेला तो पुन्हा आलाच नाही. काकूंचं माहेर त्या एका पुठ्ठ्यापायी तुटलं. काकू तेव्हा खूप रडल्या, खूप भांडल्या. काकांचं एकच, "अगं, मी त्याला खोटं सांगितलं असतं तर उद्या माझ्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवील?"

आणि अशा माणसाचे डोळे जावेत! शेजारी चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाले काकांचे जुने दोस्त, गुरुवारचं पहिलं गिऱ्हाईक. नंबर बदलून बदलून ते थकले आणि शेवटी स्वतः काकांना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग गेला, कडेकडेचं तेवढं राहील. म्हणजे समोर उभ्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, पण त्याच्या बाजूची दाराची चौकट दिसायची. कॉमिकाचं पान धरलं की कोपऱ्यातला आकडा दिसायचा आणि मधे नुसतं करडं धुकं.

"हे कुणाला कळता कामा नये," काकांनी चष्मेवाल्यांना आणि काकूंना बजावलं. "आंधळ्याचं मत कोण विचारतं?"

मग काकूंवर वेळ आली. गुरुवारी गठ्ठा वर यायला लागला. काकू पाटासारख्या ताठ बसायच्या आणि नाक मुरडत सांगायच्या, "एक माणूस आहे. दुसरा माणूस आहे. भांडतायत."

"अगं, उभा कसा आहे? हात कुठे आहेत?"

"हात हातांच्या जागी आहेत."

"तोंडावर काय आहे?"

"नाक."

काका कपाळाला हात लावायचे. पण करता करता काकू शिकल्या. सावली कुठून पडते, माणूस चौकटीच्या कडेला का ढकललाय, मोकळी जागा कुणासाठी सोडलीय, हे त्यांना दिसायला लागलं. काका सांगतील ते त्या पुठ्ठ्यावर लिहायच्या. "कडूकाकांचं अक्षर सुधारलं की!" असं गिऱ्हाईकं म्हणाली, तेव्हा काकू लगबगीने जिना चढून वर गेल्या.

अक्षर सुधारलं, पण मतांतला जीव गेला. पुठ्ठ्यावर नुसतं "बरं आहे", "ठीक", "चालेल". काका ताटावरून अर्धपोटी उठायला लागले. एका गुरुवारी त्यांनी मधेच हात वर केला. "पुरे. मिटव ते. सांगून का कुठे चित्र दिसतं?" आणि भिंतीकडे तोंड करून ते जे पडले, ते हाकेला ओ देईनात. काकू फार घाबरल्या. या माणसाने हाय खाल्ली तर आपण करायचं काय, हे त्यांना कळेना. पुस्तक मिटायचंही सुचलं नाही, म्हणून त्या पुढे वाचत राहिल्या. खलाशी बोटीवर चढतो, लांबवर त्याचं घर दिसतं, एवढंच चित्र होतं. काकूंच्या तोंडून निघून गेलं, "घराच्या खिडकीत दिवा आहे."

पाठ हलली. "दिवा? दिवसाढवळ्या?"

"हो. लावून ठेवलाय."

"कुणासाठी?"

"मला काय ठाऊक? आहे खरा."

काका उठून बसले. "वा रे पठ्ठ्या!" ते त्या चित्रकाराला म्हणाले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

दिवा चित्रात नव्हता. पण भाजीत मीठ घालायची हाताला सवय होते, तशी काकूंना ही सवय झाली. दर पुस्तकात चिमूटभर. कुठे पुलावर विसरलेली छत्री, कुठे गुंडाच्या शर्टाला आईने लावलेलं वेगळ्या रंगाचं बटण. काका गुरुवारची वाट पाहायला लागले, आणि पुठ्ठ्यावर "घ्या, घ्या, जरूर घ्या" दिसायला लागलं. खालच्या लोकांना कळेना. पुठ्ठ्यावर लिहिलेला तो दिवा शोधून शोधून चष्मेवाले दमले. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "काकू, दिवा कुठल्या पानावर आहे हो?"

"आहे. नीट बघा," काकू म्हणाल्या, पण स्वतः पुस्तकाकडे बघेनात.

चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. "दिसला," ते म्हणाले.

त्यानंतर सगळ्यांनाच सगळं दिसायला लागलं. काकांना दिसत नाही हे ओळखायला लोकांना तरी डोळे होतेच ना! काका एकदा पुस्तक उलटं धरून त्यातल्या रंगांची तारीफ करत होते, आणि दुकानातली झाडून सगळी माणसं छताकडे बघत माना डोलवत होती. काकांच्या माघारी कुणी हसलं नाही, हे लोकांच्या बाजूने सांगायला हवं.

मग एका मुलीचं कॉमिक आलं. तिचं पहिलंच पुस्तक. एक म्हातारा घर सोडून निघून जातो, बस्स, एवढीच गोष्ट. काकांनी त्याच्यावर अख्खा पुठ्ठा खर्च केला होता. "शेवटचं पान बघा. म्हातारा गेला, दार बंद झालं, आणि पायरीवर त्याचं कुत्रं बसलंय. दाराकडे नाही, रस्त्याकडे तोंड करून. असं चित्र माझ्या बघण्यात नाही. बाकीची पुस्तकं राहू द्या, हे घ्या."

मुलगी दुकानात आली तेव्हा तिच्या हातात तेच पुस्तक होतं आणि चेहरा रडवेला. "काका, माझ्याबद्दल आजवर कुणी एक ओळ लिहिली नव्हती. तुमचा पुठ्ठा वाचून मी रस्त्यातच उभी राहिले. पण माझ्या पुस्तकात कुत्रं नाहीये हो. तुम्ही दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिलंय का?"

"नीट आठव," काका हसून म्हणाले. "शेवटचं पान."

"मीच काढलंय ना! दार आहे, पायरी आहे. पायरीवर काहीच नाही."

चष्मेवाले नेहमी उभे राहायचे त्या बाजूला काकांनी मान वळवली. "काय हो? तुम्ही परवा म्हणालात, कुत्र्याचे कान फार छान काढलेत." चष्मेवाले गप्प. बाकीचेही गप्प. त्या गप्प बसण्यातून काकांना सगळं कळलं. मुलीलाही कळलं असावं. ती पुस्तक छातीशी धरून तशीच निघून गेली.

काका कठडा धरून वर आले. काकू जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"दिवा?" काकांनी विचारलं.

"नव्हता."

"छत्री?"

"नव्हती."

"शर्टाचं बटण?"

काकूंनी मान हलवली, मग काकांना दिसणार नाही हे आठवून "नाही" म्हणाल्या.

"मी तुझ्या भावालासुद्धा खोटं सांगितलं नाही गं. आणि तू मला वर्षभर त्या सगळ्यांसमोर नाचवलंस. ती पोर काय घेऊन घरी गेली? न काढलेल्या कुत्र्याची तारीफ!"

"मग काय करू?" काकू ओरडल्या. "भिंतीकडे तोंड करून पडला होतात तुम्ही! मरताय की काय असं वाटलं मला! दिवा म्हटल्यावर उठलात. मला दुसरं काही येत होतं का?"

"पडू द्यायचं होतंस," काका म्हणाले.

पुढचा गुरुवार येईपर्यंत दोघं कामापुरतं बोलत होती. गठ्ठा आला, काकांनी तो सोडू दिला नाही. फक्त एक कोरा पुठ्ठा चाचपून काढला आणि काकूंच्या हातात दिला. "मी सांगतो ते लिही. एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस." मग ते सावकाश सांगत गेले. "या आठवड्याची पुस्तकं मी पाहिलेली नाहीत. माझे डोळे गेले आहेत. वर्षभर तुम्ही इथे ज्या चित्रांची तारीफ वाचलीत, ती पुस्तकांत नव्हती. म्हाताऱ्याची गोष्ट काढणाऱ्या मुलीची मी माफी मागतो. तिचं पुस्तक कसं आहे, हे मला माहीत नाही."

दुसऱ्या वाक्यापाशी काकूंचा हात अडला. ही ओळ गाळली तर कुणाला कळणार होतं? काकांना तर नाहीच. गिऱ्हाईकांना डोळ्यांचं ठाऊकच होतं; मग दारात टांगून या माणसाने स्वतःची शोभा का करून घ्यावी? पण नाही. काकूंनी दात आवळले आणि लिहिली. अगदी सांगितली तशी, इतर ओळींपेक्षा मोठ्या अक्षरात. आपण यात काही घातलं नाही आणि काही काढलं नाही, याचं त्यांना थोडं बरंही वाटलं. खाली जाऊन त्यांनी पुठ्ठा टांगला.

काका मागोमाग उतरले. "चष्मेवाल्यांना बोलव."

"मी दाखवते ना वाचून."

"तू नको."

हे काकूंच्या जिव्हारी लागलं, पण त्या गेल्या आणि चष्मेवाल्यांना घेऊन आल्या. ते पुठ्ठ्यासमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि वाचायला लागले. "या आठवड्याची पुस्तकं मी पाहिलेली नाहीत." इथे ते थांबले. काकूंना दिसत होतं, पुढची ओळ त्यांनी वाचली होती, मनात. दोस्ताच्या तोंडावर ती उच्चारायची त्यांची हिंमत होईना. त्यांनी एकदम पुढचं धरलं, "वर्षभर तुम्ही इथे..." आणि तसंच शेवटपर्यंत नेलं.

"संपलं?" काकांनी विचारलं.

"संपलं."

काका काकूंच्या बाजूला वळून, न ओरडता म्हणाले, "एक ओळ गाळलीस. शेवटी आपलंच खरं केलंस ना?"

काकूंनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. ते शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. आता नुसतं बोट दाखवायचं होतं. पण बोट दाखवलं असतं तर काकांच्या लेखी या रस्त्यावर खरं बोलणारं एकही माणूस उरलं नसतं. आणि काकूंवर त्यांनी विश्वास ठेवला असता, याची तरी काय खात्री?

"राहिली," काकू म्हणाल्या. "लिहिते."

स्टूल ओढून त्या चढल्या आणि पुठ्ठ्याच्या तळाशी मोकळ्या राहिलेल्या जागेत त्यांनी पुन्हा लिहिलं, माझे डोळे गेले आहेत. मार्करचा कुरकुर आवाज काका कान देऊन ऐकत होते.

"वाचा आता," काकू चष्मेवाल्यांना म्हणाल्या. "सगळं."

या वेळी त्यांनी वाचलं.

"आता बरोबर," काका म्हणाले आणि कपाटाला हात लावत लावत आपल्या खुर्चीकडे गेले. दुपारी नेहमीची माणसं आली. आत शिरण्याआधी प्रत्येकाने ती ओळ दोनदा वाचली, कारण ती दोनदा लिहिलेली होती.