मायक्रोमीटरवरचं कुंकू

जमालभाई. ज्यांनी मला तारलं त्यांचं नाव आधी लिहितो. कारण हकिगत सांगता सांगता माणूस मागे राहतो आणि सगळं श्रेय आपण आपल्याच भक्तीला देऊन टाकतो. माझी भक्ती तर त्या दिवशी पार डळमळली होती.

मी चिखलीचा, सातवीत शाळा सुटलेला. पिंपरीच्या एका कंपनीत ग्राइंडिंगवर लागलो. हात बरा म्हणून साहेबांनी तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला पश्चिम जर्मनीत धाडलं. शेवटी परीक्षा होती. पास झालो तर येणारं नवं मशीन माझ्या हाती, नाहीतर दुसऱ्याच्या. निघताना शेजारच्या मशीनवरचा म्हणाला, "राव, शिकलेले राहिले इथंच अन् तू चालला इमानात. मशीन घेऊनच ये." आईने कुंकवाची पुडी दिली. "खंडेनवमीला हत्यारं पुजायची इसरू नगं. तितंबी देव हाय."

राहायची सोय एका यूथ हॉस्टेलात होती. एका खोलीत वरखाली आठ पलंग आणि सगळी एकएकटी हिंडणारी माणसं. मला त्यांची भाषा येत नव्हती, धास्तीने घास उतरत नव्हता. फिनलंडची एक पोरगी रोज जेवणाच्या टेबलावर खुणेनेच विचारायची, खाल्लंस का? माझ्या खालच्या पलंगावर जमालभाई होते. साठीचे, आफ्रिकेत कंपालाला दुकान असलेले घड्याळजी. तिथल्या सरकारने हिंदी लोकांना हाकललं तेव्हा दुकान आणि देश दोन्ही सोडावं लागलेलं, आता एकटेच भावाकडे निघालेले. कच्छी वळणाचं हिंदी बोलत. हा माणूस काहीतरी मागेल म्हणून मी त्यांना टाळायचो, हत्यारांची पेटी उशाशी घेऊन झोपायचो. आज लिहितानाही लाज वाटते.

नवमीला रविवार होता. पलंगावर पंचा पसरून हत्यारं मांडली. केसाएवढी जाडीही मोजणाऱ्या मायक्रोमीटरला तर भरभरून कुंकू लावलं, कारण माझं सगळं त्याच्यावरच होतं. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, परीक्षा. मायक्रोमीटर आधी पुसून शून्य तपासायचं हे मला झोपेतही ठाऊक. पण पुजलेलं हत्यार पुसायचं कसं? कपाळाला लावलं आणि तसंच वापरलं. घासून मापात आणायला दिलेले तिन्ही शाफ्ट, म्हणजे पोलादी दांडे, बारीक निघाले. तिथल्या मास्तरांनी एक बोट वर केलं: उद्या एकच संधी, शेवटची.

संध्याकाळी खोलीत येऊन मी बॅग भरायला लागलो. इतकं मनोभावे करूनही देवाने हात सोडला, असं वाटून रडू आवरेना. जमालभाई उठून बसले. त्यांना सकाळीच निघायचं होतं, पण कागदावरचा शिक्का न आल्याने एक दिवस अडकले होते. मापं चुकली एवढं मी सांगितलं, तसा त्यांनी मायक्रोमीटर उचलला, खिशातलं घड्याळजीचं भिंग डोळ्यात बसवलं.

"ये लाल क्या है, भाई?"

"पूजा का है."

"तो पूजा हत्थे की करो ना. जबड़े में कुंकू भरोगे तो बेचारा झूठ ही बोलेगा."

माप घेण्याच्या दोन तोंडांमध्ये कुंकवाचे कण दाबून बसले होते. तेवढ्यानेच माप जास्त दिसत होतं आणि मी शाफ्ट घासतच गेलो होतो. त्यांनी आपल्या रुमालाने ते पुसलं. शून्य शून्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही शाफ्ट बिनचूक उतरले. मास्तरांनी दोनदा मोजले, मग माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. हॉस्टेलात शिरताना माझ्या तोंडावरूनच सगळ्यांना समजलं. टाळ्या पडल्या. खोबरं नव्हतं, म्हणून त्या फिनलंडच्या पोरीने सफरचंद कापलं आणि मी देवाचं नाव घेऊन सगळ्यांना प्रसाद वाटला. शिक्का आल्याने जमालभाई रात्रीच्या गाडीने निघणार होते, त्यांनी दोन्ही हात पुढे करून घेतला.

आज पिंपरीत ते मशीन माझ्याच हाती आहे. मी तेव्हा पूजा करून देवाला बांधून घेऊ पाहत होतो. त्याने मात्र माझी चूक दाखवायला, ज्याचं सगळं गेलं होतं अशा माणसाला एक दिवस थांबवून ठेवलं. शरण जाणं म्हणजे आपलं कुंकूसुद्धा पुसू देणं, एवढं मला कळलं. आता कुंकू मुठीला लावतो.

निघताना जमालभाई एवढंच म्हणाले होते, कच्छातलं, मांडवीजवळचं आजोबांचं गाव कधी पाहिलं नाही. त्यांच्या भावाच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं आहे. जमालभाई, तुम्ही या. कंपनीतून रजा काढीन, तुमची पेटी मी उचलीन आणि तुम्हाला त्या गावाच्या वेशीत नेऊन उभं करीन.